उज्वलाच्या हातचं

सिंधूने उकळत्या पातेल्यातला एक तुकडा झाऱ्यावर घेतला, त्यावर फुंकर घातली आणि दोन बोटांत दाबून पाहिला. वरून मऊ, आत किंचित कणी. तिने लगेच गॅस बंद केला.

"आता थंड पाण्याखाली धुवायचं म्हणतीय ती," उज्वला मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईकडे बघत म्हणाली. "नळाखाली धरायचं."

"तिच्या नळाला पाणी असंल."

लातुरात नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता. कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाने तळ गाठला होता आणि टँकरवाला आज येतो, उद्या येतो म्हणत होता. सिंधूने पास्ता चाळणीत ओतला, तो खाली धरलेल्या बादलीवर. पेजेसारखं ते पाणी सुती साडीला खळ म्हणून चाललं असतं. मग तिने परातीवर ओलं फडकं अंथरलं, त्यावर पास्ता पसरला, टेबलफॅन खाली उतरवून त्याच्या तोंडाशी ठेवला आणि बोटांच्या टोकांनी एकेक तुकडा सुटा करू लागली. उन्हाळ्यात बोटवे, नखुले वळून वाळत घालण्यात तिचा हात बसलेला. हेही त्याच जातीचं. फक्त ते दूध-गुळात शिजायचं आणि याला लिंबू पिळायचं, एवढाच काय तो फरक.

"झालं का बघून? ठेव तो मोबाइल. वाच जरा," ती म्हणाली.

उज्वलाने मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडच्या टेबलाशी, आईकडे पाठ करून बसली. समोर फिजिक्सचं पुस्तक उघडं होतं.

दोन वर्षांपासून माय-लेकी या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होत्या. गल्लीतल्या निम्म्या खोल्यांमध्ये अशाच माय-लेकी किंवा माय-लेक होते. बाप गावाकडे शेत बघायचे, आया इथे डबे करायच्या आणि मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासला जायची. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा मोठा फलक दिसायचा. त्यावर डॉक्टर होणाऱ्या मुलांचे हसरे चेहरे होते. दर जूनमध्ये चेहरे बदलायचे. यंदाचे अजून बदलले नव्हते, कारण निकाल लागायचा होता. पण उज्वलाने उत्तरं ताडून पाहिली होती. गेल्या वर्षापेक्षाही कमी गुण येत होते. त्या संध्याकाळी ती जेवली, भांडी घासू लागली, तेव्हा सिंधूने तिच्या हातातून घासणी काढून घेतली होती.

"राहू दे. तुझं काम न्हाई ते."

गावाकडून उज्वलाच्या अप्पांचा, अण्णारावांचा फोन त्यानंतर चार-पाच दिवसांनी आला. नांदेडचं स्थळ होतं. मुलगा सुदर्शन हैदराबादेत कंपनीत, माणसं सुधारलेली. कांदेपोह्यांचा कार्यक्रम नको म्हणाली होती. मुलाच्या मामाचं, गुरुपादप्पांचं लातूरजवळच्या मुरुडला शेत होतं, तिथे रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, कोळशावर पनीर, वांगी, बटाटे भाजायचे, गप्पा मारायच्या.

"अन् मुलाच्या बहिणीनं सांगितलंय, मुलीला म्हणावं तुझ्या हातचं कायतरी आण. पास्त्याचं सॅलड म्हणायलीय. मी हो म्हणून बसलो."

"तिला चहा येत न्हाई करता," सिंधू म्हणाली. "मीच गॅसजवळ येऊ दिलं न्हाई तिला."

"मग तू कर. कोण बघायलंय?"

सिंधूने विचारलं, "अन् तिचं आणखी एक वर्ष?"

अण्णारावांचा आवाज चढला नाही.

"हे बघ, मी काय कसाई न्हाई. तिनं सोताच्या तोंडानं म्हणलं, मला शिकायचंय, तर मी तिथूनच माघारी फिरन. चार लोकांत फिरन. पण तिनं म्हणाय पाहिजे. तू न्हाई."

एवढं तरी पदरात पडलं, असं सिंधूला वाटलं होतं. भूकंप झाला तेव्हा ती औशाच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होती. घर पडलं, धाकटा भाऊ गेला. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाच दिवाळीनंतर लग्नांची एकच घाई सुटली. बायका गेलेले पुरुष होते आणि शेडमध्ये वयात आलेल्या मुली होत्या. अण्णाराव तिच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. माणूस वाईट नव्हता, आजही नाही. त्यांच्या पहिल्या बायकोच्या फोटोला ती दर सणाला हार घालत आली होती. लग्नाआधी तिला कुणी काही विचारलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे मात्र तिला एवढ्या वर्षांत कधी ठरवता आलं नाही. उज्वलाला विचारणारं कुणीतरी होतं, हेच खूप झालं.

पास्ता अजून कोमट असतानाच तिने त्यावर तेल आणि लिंबू घातलं आणि हलक्या हाताने चोळलं. काकडीच्या फोडींना मीठ लावून त्या बाजूला निथळत ठेवल्या. व्हिडिओत व्हिनेगर घालायला सांगितलं होतं, पण तिने कैरी किसली. मग पिळलेली काकडी, उकडलेले मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, कोथिंबीर, एक हिरवी मिरची अगदी बारीक चिरून. शेवटी तिने शेंगदाणे भाजले, अर्धवट कुटले आणि एका पुडीत वेगळे बांधून ठेवले.

मीठ घालताना तिचा हात थांबला. डबीत मीठ भरपूर होतं. आणखी दोन चमचे घातले असते तर कुणाला घासभरसुद्धा खाववलं नसतं. तिने चमचा भरला. मग तिच्या डोळ्यांसमोर ती सगळी माणसं आली, तोंड वाकडं करून पाणी मागणारी, आणि त्यांच्यामध्ये खाली मान घालून बसलेली उज्वला. आधीच पोरगी स्वतःला काही येत नाही म्हणून बसली होती. सिंधूने चमचा परत डबीत पालथा केला आणि नेहमीच्या अंदाजाने चिमटीने मीठ घातलं.

"उज्वला, इकडं बघ."

उज्वला वळली.

"त्यांनी विचारलं, कसं केलंस, तर सरळ सांग, आईनं केलंय. मला स्वयंपाक येत न्हाई, मला आणखी एक वर्ष परीक्षा द्यायचीय. एवढंच. पुढचं तुझे अप्पा बघतेत. त्यांनी कबूल केलंय."

"हं."

"हं काय? म्हणून दाखव."

"कळलं आई," उज्वला म्हणाली आणि पुन्हा पुस्तकाकडे तोंड करून बसली.

अण्णाराव गावातल्या कुणाची तरी जीप घेऊन आले. सिंधूने डबा ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला. बाहेर अजून झळा लागत होत्या. अर्ध्या वाटेत तिची मांडी ओली झाली, पण डबा तिने खाली ठेवला नाही. उज्वला खिडकीशी बसून बाहेर बघत होती. तिच्या ओठांची किंचित हालचाल होत होती. ती सांगितलेलं वाक्य घोकत असावी, असं सिंधूला वाटलं, आणि तिला बरं वाटलं.

गुरुपादप्पांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरापुढे, चिंचेखाली खुर्च्या मांडल्या होत्या. विटांच्या चुलाण्यावर जाळी टाकून ते स्वतः वांगी भाजत होते. धोतर, वर बनियन, हातात चिमटा.

"या, या अण्णाराव! वऱ्हाड आलं म्हणा की," ते ओरडले. "आता बघा, मला या वयात पनीर भाजाय लावलंय भाचीनं. म्हशी विकल्या, अन् दुकानातून पनीर आणायलो."

"मामा, तुम्ही फक्त करपवू नका," राजश्री म्हणाली. मुलाची मोठी बहीण ती, पुण्याहून आलेली, बोलायला मोकळी. तिने येऊन उज्वलाच्या हाताला धरलं आणि स्वतःशेजारी बसवलं. मुलाची आई तारामती हळू बोलणारी, गुडघे धरून बसणारी बाई होती. सुदर्शन उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि आता बसावं की उभंच राहावं, हे न कळून खुर्चीच्या पाठीला धरून राहिला. सिंधूला तो वाईट वाटला नाही. तेच तिला सगळ्यात अवघड गेलं.

डबा उघडला. सिंधूने वरून शेंगदाणे घातले. राजश्रीने प्लेटी भरल्या. गुरुपादप्पांनी चिमटा ठेवून प्लेट हातात घेतली आणि एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे तर बोटवे हायत की! आमच्या आईनं वळले असते तर पोरांनी तोंड फिरवलं असतं. इंग्रजी नाव लागलं की कसं ऐटीत खातेत बघा."

"खाऊन तर बघा आधी," तारामती म्हणाली.

त्यांनी खाल्लं. पुन्हा खाल्लं. मग काही न बोलता प्लेट पुढे केली, तेव्हा सगळे हसले. उज्वलाही थोडी हसली.

"तुमचा पुढचा काय विचार आहे?" सुदर्शनने एकदम विचारलं. प्रश्न उज्वलाला होता. "म्हणजे शिक्षणाचा?"

अण्णारावांनी हातातली प्लेट खाली ठेवली. सिंधूने पाहिलं, ते उज्वलाकडे बघत होते. रागाने नाही, नुसते बघत होते. दिलेला शब्द पाळायला माणूस बसतो, तसे ते बसले होते.

उज्वलाने चमच्याने प्लेटमधला मक्याचा एक दाणा कडेला सारला.

"अरे, थांब ना, जेवू दे तिला," राजश्री म्हणाली. "उज्वला, आधी मला हे सांग, कसं केलंस तू हे? आमच्याकडे पास्ता नेहमी चिकट होतो. आणि हे आंबट काय आहे? व्हिनेगर नाही हे."

सिंधू खुर्चीत पुढे सरकली. वाट आपोआप मोकळी झाली होती. आता फक्त तेवढं एक वाक्य.

उज्वलाने आईकडे पाहिलं. मग राजश्रीकडे.

"कैरी आहे," ती म्हणाली. "किसून. पास्ता थोडा कच्चा असतानाच गॅस बंद करायचा. मग धुवायचा नाही, ओल्या फडक्यावर पसरायचा, पंख्याखाली. एकेक सुटा करायचा बोटांनी. अन् कोमट असतानाच तेल-लिंबू लावायचं, म्हणजे आत मुरतं. गार झाल्यावर लावलं तर वरच राहतं."

"बघ!" राजश्री आईला म्हणाली.

"काकडीला आधी मीठ लावून ठेवायचं अन् पिळून मग घालायची. न्हाईतर पाणी सुटतं." उज्वला संथ आवाजात, कुठेही न अडखळता सांगत होती. "शेंगदाणे वाढताना घालायचे. आधी घातले की मऊ पडतात. अन् मीठ सगळ्यात शेवटी, चिमटीनं. चमच्यानं न्हाई."

चिमटीची गोष्ट कुठल्याही व्हिडिओत नव्हती. पिळण्याचीही नव्हती. सिंधूने ती काकडी एक अक्षरही न बोलता पिळली होती, आणि तेव्हा खोलीत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला होता. त्या आवाजावर ती विसंबली होती.

"घरी सगळं तूच करतीस काय गं?" तारामतीने विचारलं.

"आई करू देत न्हाई," उज्वला म्हणाली. "पण येतं मला."

"अन् परीक्षेचं?" अण्णारावांनी विचारलं. "हे विचारायलेत, त्यांना सांग. जे असंल ते सांग बाई. भिऊ नको."

"झाली परीक्षा," उज्वला म्हणाली. "परत न्हाई द्यायची मला."

चुलाण्यात वांग्याची साल फुटल्याचा बारीक आवाज झाला. गुरुपादप्पा चिमटा घेऊन तिकडे धावले. सुदर्शन कधीतरी खुर्चीवर बसला होता. तारामतीने गुडघ्यावर हात टेकवत उठून उज्वलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग डबा स्वतःकडे ओढला. तळाशी थोडंच उरलं होतं. ते तिने एका प्लेटीत काढलं आणि प्लेट सिंधूपुढे धरली.

"विहीणबाई, तुम्ही तर चाखलंसुद्धा न्हाई."

सिंधूने प्लेट घेतली. सगळे तिच्याकडे बघत होते. उज्वला तेवढी कोळशाकडे बघत होती. सिंधूने एक घास घेतला. तो नीट चावला. गिळला.

"चांगलं केलंय पोरीनं," ती म्हणाली.