साधनाताई वाचून दाखवतात

“घरपट्टी माझ्या नावावर येते. लाइटबिल माझ्या नावावर. मग घर कुणाचं?” धोंडीराम घुमरे यांनी दोन्ही पावत्या टेबलावर ठेवल्या आणि ते खुर्चीत मागे रेलले.

साधना बोरस्तेने पावत्या उचलल्या नाहीत. “जो भरतो त्याच्या नावानं पावती येते, भाऊ. मालकी वेगळी. घर तुमच्या वडिलांचं. मृत्युपत्र केलेलं नाही. म्हणजे वारस दोन. तुम्ही आणि तुमची बहीण.”

“भागी? तिची नातवंडं शाळेत जातात आता.”

“जाऊ देत की. वारस आहेच ती.”

“कायद्यात असेल. आमच्यात बहिणी मागत नाहीत, मॅडम.”

“मागत नाहीत ते मला ठाऊक आहे. पण बँकेचा वकील तिची सही मागतोय. ती नसेल तर निकिताला कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर हे गिऱ्हाईक गेलं.”

शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, तसं साधनाने सवयीने बोलणं थांबवलं. मखमलाबाद नाक्यावरच्या त्या एका गाळ्यात मधोमध प्लायवूड उभं करून अर्ध्यात गिरणी आणि अर्ध्यात ‘साधना प्रॉपर्टीज’ होतं. तिच्या टेबलावर, फोनवर, नखांच्या कडांवर कायम पीठ असे. सुरुवातीला ती स्वतःच्या इमारतीतल्या रिकाम्या खोल्यांना भाडेकरू शोधून देई. मग आजूबाजूच्या सोसायट्या तिला ओळखू लागल्या. लोक तिच्याकडे येत ते ती स्वस्तात घर मिळवून देते म्हणून नव्हे. ती घर घेणाऱ्याला आधी भर दुपारी न्यायची, पश्चिमेची भिंत किती तापते ते हाताने बघायला लावायची. मग सकाळी, नळाला पाणी येतं त्या वेळेला. तिसऱ्या खेपेला स्वतः जायची नाही. “आज तुम्ही एकटे जा,” म्हणायची, “आणि खालच्या मजल्यावर चहा प्या. मी बरोबर असले की लोक बोलत नाहीत.”

निकिताने आणि तिच्या नवऱ्याने घुमऱ्यांचं घर असंच पाहिलं होतं. स्वयंपाकघरामागची ओल धोंडीरामांनी रंगाखाली दडवली होती, ती साधनानेच त्या दोघांना दाखवली. त्यावरून धोंडीराम दोन दिवस फोन उचलत नव्हते. तरी गिऱ्हाईक टिकलं. निकिता म्हणाली होती, “ओल काढता येईल. गच्ची मिळतेय हे मोठं.”

गिरणी थांबली.

“मग हक्कसोड करून घेऊ,” धोंडीराम म्हणाले. “नामपूरला जाऊ, तिला साडी नेसवू. पुढच्या गुरुवारी येईल ती सहीला. तुम्ही पण चला. सरकारी कागद आहे म्हटल्यावर बाईमाणूस बरोबर असलेलं बरं.”

हक्कसोडपत्राची रीत साधनाला सांगायची गरज नव्हती. भाऊ साडी घेऊन येतो, बहीण वडिलांच्या मिळकतीतला वाटा सोडल्याची सही करते, दोघं जेवतात. भांडण होत नाही, कारण कुणी काही विचारत नाही.

“येते,” ती म्हणाली. “पण माझी पद्धत माहीत आहे ना? सही करणाऱ्याला मी कागद वाचून दाखवते. घरात बोलतो त्या भाषेत.”

“वाचा की. तिला काय कळणार आहे त्यातलं.”

भागीबाईंचं घर नामपूरच्या बाजार समितीच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका ट्रॉलीवर बसलेल्या माणसाने गाडीला वाट देण्यासाठी फक्त पाय वर घेतला.

“बठ माय, बठ,” भागीबाईंनी साधनाला कॉटवर बसवलं आणि आतल्या सुनेला हाक दिली, “योगिनी, पानी लई ये वं.” मग भावाकडे पाहिलं. “वाळलास रे दादा. वहिनी खायला देत नाय का?”

“देते. शुगर हाय मला.” घरी बहिणीशी बोलताना धोंडीरामांची भाषाही गावाकडे सरकली होती.

“मग चहात साखर नको घालू, योगिनी. मामांच्या चहात. माझ्यात दोघांची घाल.”

चहा झाला. धोंडीरामांनी पिशवीतून साडी काढली. येवल्याची होती, जांभळी, हिरव्या काठाची. भागीबाईंनी काठावरून बोट फिरवलं. “लय भारी आणली. कशाबद्दल?”

“घर विकतोय. पोरगा पुण्याला बोलावतोय. एक सही लागते तुझी, बाकी काय नाय.”

भागीबाईंचं बोट काठावर थांबलं. “बापूंचं घर?”

“मग दुसरं कुठलं हाय आपलं?”

त्या साधनाकडे वळल्या. “यामा काय लिखेल शे?”

साधनाने मसुदा गुडघ्यावर उघडला. “असं लिहिलंय की वडिलांच्या मागे तुम्ही दोघं वारस आहात. घरात दोघांचा सारखा हक्क आहे. तुम्ही तुमचा हक्क राजीखुशीनं भावासाठी सोडता. त्याबद्दल काही घेतलेलं नाही. यापुढे तुम्ही किंवा तुमची मुलं या घरावर काही सांगणार नाही.”

“दोघांचा सारखा?”

“सारखा.”

“मला वाटलं, दादा आहे म्हणून थोडा माझा असेल.” त्या हसल्या. “तू केली का सही? तुझ्या माहेरात?”

“केली. निफाडला.”

“द्राक्षाचं रान?”

“हो.”

“काय दिलं?”

“पैठणी.”

“नेसते?”

“दोन लग्नांत नेसले.”

“आणि माहेरी जाते?”

“बोलावलं की जाते.”

“बोलावतात?”

साधनाने पान उलटलं. “पुढचं वाचते,” ती म्हणाली. पुढे वाचण्यासारखं फारसं नव्हतं. घराची चतुःसीमा होती, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला कुणाची तरी भिंत. ती तिने सगळी वाचली.

भागीबाईंनी ऐकून घेतलं. मग भावाला म्हणाल्या, “स्लॅब टाकला तेव्हा तू कंपनीत होता. आठवतं का? पाणी मी मारायची. शाळेला सुट्टी होती. बापू बाजारात झेंडू घेऊन गेले की मी गच्चीवर. पाय भाजायचे म्हणून ओल्या गोणपाटावर उभी राहून मारायची.”

“आठवतं की. कोण नाय म्हणतंय.”

“ह्यात मी ते सोडलं असं लिहिलंय.”

“कागदाची भाषा असती ती, भागे. तशीच लिहितात. तुझं माहेर कुठं जातंय? पुण्याला ये की.”

“पुण्याला तुझ्या पोराचं घर. तिथं मी पाहुणी. चार दिवस राहिले तर पाचव्या दिवशी सून परतीच्या गाडीची वेळ विचारेल. ते तिचं चुकतं असं पण नाय.” त्यांनी साडीची घडी नीट केली, कागदात गुंडाळली आणि भावाच्या मांडीवर ठेवली. “विकायला माझी ना नाय. पोरगा बोलावतो तर जा. पण मी सोडलं असं लिहून द्यायचं नाय. विकायचं तर दोघं मिळून विकू. त्याचा पण कागद असंल ना, ताई?”

साधनाला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. धोंडीराम तिच्याकडेच पाहत होते. ‘बघू, वकिलाला विचारू’ असं म्हणून वेळ काढता आला असता आणि गाडीत बसल्यावर धोंडीरामांना वाट काढायला चार दिवस मिळाले असते.

“असतो,” ती म्हणाली. “खरेदीखतात विकणारे म्हणून दोघांची नावं लागतात. चेक दोन निघतात. बँकेला ते चालतं.”

धोंडीराम उठले. जेवायला कुणी आग्रह केला नाही, आणि केला असता तर ते थांबले नसते.

परतीच्या वाटेत देवळा मागे पडलं. चांदवडचा घाट उतरताना धोंडीराम म्हणाले, “तुम्ही वाचलं म्हणून झालं हे.”

“हो.”

“एजंट माझ्या बाजूनं असायला पाहिजे का नाही?”

“घराच्या बाजूनं असते मी, भाऊ. उद्या निकिताच्या दारात कुणी येऊन उभं राहायला नको.”

“कुणी येत नसतं उभं. भागी तर नाहीच.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “आता मी रक्षाबंधनाला कुठल्या तोंडानं बोलवू तिला?”

साधनाने वळणावर गिअर बदलला. गाडी चालवताना तिला आठवलं की निफाडच्या भावाला तिने स्वतः होऊन कधी फोन केलेला नाही. तो बोलावील म्हणून ती वाट बघत आली होती. तिला सही करायला लावलं होतं कागदावर. वाट बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

धोंडीरामांनी दुसरे दोन एजंट गाठले. दोघांनीही बहिणीची सही कुठे आहे तेच विचारलं. महिन्याने त्यांच्या मुलाचा पुण्याहून साधनाला फोन आला. “आत्या म्हणते तसं करा,” तो म्हणाला. “बाबा तयार आहेत. म्हणजे बोलत नाहीत, पण तयार आहेत.”

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. भागीबाई पहाटेच्या एसटीने एकट्या आल्या होत्या. डब्यात पुरणपोळ्या होत्या, भावाला शुगर म्हणून वेगळ्या भाकरी होत्या. धोंडीराम बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, मध्ये निकिता आणि तिचा नवरा. डबा निकितानेच उघडला. भाकरीचं फडकं भागीबाईंनी तिच्या हातून पलीकडे पाठवलं. धोंडीरामांनी ते घेतलं, आणि खाल्लं.

“गच्चीवर कुंड्या ठेवशील ना?” भागीबाईंनी निकिताला विचारलं.

“ठेवणार आहे. गुलाब लावायचेत.”

“कडेला ठेव. मधी नको. मधी मुलांना झोपायला जागा ठेव.”

नंबर आला. साधनाने त्याआधी खरेदीखत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, पार्किंगमध्ये उभ्यानेच. ओळखीची साक्षीदार म्हणून तिचीही सही होती. कॉम्प्युटरवरच्या मुलाने धोंडीरामांचा फोटो घेतला, अंगठा घेतला. मग म्हणाला, “आजी, इथं. कॅमेऱ्याकडे.” भागीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “पदर मागे घ्या, चेहरा दिसू द्या.” त्यांनी घेतला.

चेक हातात पडल्यावर धोंडीराम उठले. “येतो, मॅडम,” ते साधनाला म्हणाले. दाराशी जरा थांबले, चप्पल घालायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग गेले.

छापून आलेला दस्त साधनाने निकिताला देण्याआधी पानं मोजण्यासाठी चाळला. शेवटचं पान आलं तेव्हा भागीबाईंनी हात मध्ये घातला.

“थांब. हे काय?”

“सह्या करणाऱ्यांचे फोटो. प्रत्येक दस्ताला असतात.”

निकिता आणि तिचा नवरा आधीच्या पानावर होते; या पानावर वर धोंडीराम होते, खाली भागीबाई. दोघांच्या बाजूला काळे अंगठे. दोघांच्या नावापुढे विकणाऱ्यासाठीचे सारखेच शब्द छापले होते: लिहून देणार.

“आमचा जोडीनं फोटो नाय,” भागीबाई म्हणाल्या. “त्याच्या लग्नात मी बाळंतीण होते. माझ्या लग्नात तो पंगतीला वाढत होता.” त्या पान बघत राहिल्या. “याची एक प्रत मिळंल का मला?”

खालच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, “पूर्ण दस्त काढू?”

“एकच पान,” साधना म्हणाली.

कागद गरम होता. भागीबाईंनी तो पिशवीच्या तोंडाशी धरून घडी कुठून घालायची ते बराच वेळ पाहिलं. आधी मधोमध घालायला गेल्या, थांबल्या. मग खालची कोरी कडा तेवढी आत दुमडली, फोटोंवरून वळी जाऊ दिली नाही, आणि कागद डब्यावर आडवा ठेवून नामपूरच्या गाडीकडे निघाल्या.