दोन घरांत वाटलेलं जातं

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. सोलापुरात एका भुसार दुकानाच्या मागच्या अंगणात माझा मुक्काम आहे. आता पेठेत इंजिनची गिरणी धडधडते, ज्वारी तिकडे जाते आणि माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण ज्याचे दोन दगड दोन घरांत वाटले गेले, असं जातं तुम्ही दुसरं पाहिलं नसेल.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. वरचा दगड खालच्यावर फिरवून बघायचा, उचलायचा आणि पुन्हा टाकीचे घाव घालायचे, असं करत त्याने दोन्ही दगडांची तोंडं जुळवली. मग मी या घरात आले. इथल्या प्रत्येक लग्नाची हळद माझ्यावरच दळायची, अशी या घराची रीत होती.

माझ्यावर शांतम्मा आणि सिद्धम्मा या दोघी जावा दळायला बसत. शांतम्मा थोरली. मनात येईल ते ती तोंडावर बोलायची, मग कुणाला बरं वाटो की वाईट. तिचं दळणं मात्र संथ. चिमूटभर दाणे टाकायची आणि मऊसूत पीठ काढायची. धाकटी सिद्धम्मा बोलायला कमी. पटलं नाही तरी मान डोलवायची आणि मागून स्वतःला हवं तेच करायची. ती मूठभर दाणे ढकलून भराभर ओढायची. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, त्यामुळे माझी रोज ओढाताण.

"जरा दमानं घे की," शांतम्मा म्हणायची.

"व्हय अक्का," म्हणून सिद्धम्मा पुन्हा मूठच टाकायची. तरी घरात भाकरी चांगली होत होती.

सासरे गेले आणि दोघींच्या नवऱ्यांचं, वीरभद्रप्पा व कल्लप्पा या दोघा भावांचं, दुकानावरून बिनसलं. थोरल्या वीरभद्रप्पाला सगळं मापात हवं, धाकट्या कल्लप्पाला त्या मापाचाच राग. वाटणीला शेजारचे म्हातारे ईश्वरप्पा बसले. पोती झाली, भांडी झाली, शेवटी मी उरले. "जातं मला पायजे," शांतम्मा सरळ म्हणाली. सिद्धम्माने मात्र खुंट्यावरचा हात काढला नाही.

"वाटणी म्हंजे वाटणी," वीरभद्रप्पा म्हणाला. "खालचा दगड माझा, वरचा कल्लप्पाचा."

"आरं, अर्धं जातं काय उशाला घेऊन झोपणार हाय का?" ईश्वरप्पा म्हणाले. "उद्या शांतम्माच्या पोरीची हळद कशावर दळणार?"

त्यांचं कुणी ऐकलं नाही. आपल्याला नाही तर तिलाही नाही, एवढ्यावर दोघी जावांनी समाधान मानलं. माझा वरचा दगड उचलून नेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

अंगणात भिंत आली. शांतम्माने खालच्या दगडावर पाण्याचा रांजण ठेवला. सिद्धम्माने वरच्या दगडाखाली कुठूनसा दुसरा दगड आणून बसवला. पण तोंडं जुळेनात, पिठात कच येऊ लागली. कल्लप्पाच्या दाताखाली भाकरी करकर वाजायची आणि तो मुकाट्याने खायचा. मग गिरणी निघाली आणि दोघींची सोय झाली. एकमेकींच्या दारात जायचं उरलंसुरलं कारणही संपलं. मी मात्र दोन्ही घरांत होते. अलीकडच्या घरात शांतम्मा तांब्या बुडवताना भिंतीकडे बघत थांबायची. पलीकडे सिद्धम्मा वरच्या दगडावरची धूळ पदराने पुसायची.

शांतम्माला एकच मुलगी, दाक्षायणी. सिद्धम्माला मूल नव्हतं. माझी घरघर ऐकत ही पोर काकूच्याच मांडीवर झोपायची. वाटणीनंतर तिला काकूकडे जायची बंदी झाली होती. आता तिचं लग्न ठरलं. "हळद बाजारातनं आणू," वीरभद्रप्पा म्हणाला. दाक्षायणी ताटावरून उठली.

हळद दळायच्या दिवशी सकाळी शांतम्माने रांजण बाजूला केला. खालचा दगड काठावर उभा केला आणि लोटत लोटत, सगळी आळी बघत असताना, बोळातून पलीकडच्या दारात नेला.

"सिद्धम्मा, पोरीच्या हळदीला तुझा दगड पायजे. आन् तुझा हात पायजे. तू न्हाय म्हणालीस तर मी हितनं हलत न्हाय."

या खेपेला सिद्धम्मा 'व्हय अक्का' म्हणाली नाही. "लई दिवस लावलेत, अक्का," ती म्हणाली आणि रडू लागली. "पोरगी माझी न्हवती का?"

कल्लप्पाने तो परका दगड स्वतः उचलून बाजूला ठेवला. माझी तोंडं पुन्हा जुळली. दाक्षायणी जवळ येऊन बसली. शांतम्माने जावेच्या मनाजोगतं व्हावं म्हणून मूठभर हळकुंडांचे तुकडे टाकले आणि खुंटा जोरात ओढला. सिद्धम्माने अक्कासाठी म्हणून नेमका हात संथ केला. खुंटा पुन्हा अडला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अडणं मला कधीच आवडलं नव्हतं, त्या दिवशी आवडलं.

लग्न पार पडल्यावर वीरभद्रप्पा आपला दगड न्यायला आला.

"लई जड हाय, आता हलत न्हाय," शांतम्मा म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

सिद्धम्माने थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ती उभी राहिली. "हलतो की, भावजी. पण आमी देणार न्हाय."

वीरभद्रप्पा रिकाम्या हाताने परत गेला. भिंत अजून आहे. भाऊ अजून बोलत नाहीत. दाक्षायणी माहेरी आली की दोन्ही दारांत जाते, आणि सणावारी दोघी जावा माझ्यापाशी बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी वाटणी झाली, तर काय अर्धं करून चालेल आणि काय चालणार नाही, हे आधी बघा. आणि माझ्यासारखं एखादं जातं कोपऱ्यात पडलं असेल, तर पाथरवटाला बोलावून त्याला अधूनमधून टाकी लावून घ्या. घाव लागतात, पण त्याला भिऊ नका. गुळगुळीत झालेले दगड एकमेकांवर नुसतेच फिरतात, पीठ पडत नाही.