कपाटाच्या फळ्या

मित्रांनो, मी एक जुनी, ओतीव लोखंडाची शेगडी आहे. जर्मनीत न्युरेम्बर्गजवळच्या एका खेड्यातल्या भाड्याच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं. दार आणि धुराडं असलेल्या माझ्यासारख्या शेगडीला इथे 'ओफन' म्हणतात. किती भाडेकरू आले आणि गेले. मुलांनी माझ्यापाशी बर्फात भिजलेले मोजे वाळवले, मोठ्यांनी हात शेकत माझं कौतुक केलं.

मग पुण्याचे उत्कर्ष आणि देवश्री इथे राहायला आले. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सोबत लहानगी ओवी. धुराडी तपासणाऱ्या फ्राऊ लिंडनर पहिल्याच वर्षी त्यांना बजावून गेल्या, की शेगडीत फक्त कोरडं, साधं लाकूड जाळायचं. रंगवलेलं किंवा भुसा दाबून केलेल्या फळीचं लाकूड जाळायला कायद्याने बंदी आहे, कारण त्याचा धूर विषारी असतो. उत्कर्षने तो नियम नीट पाळलाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याचे वडील यशवंतराव आले. त्यांची छाती आधीच नाजूक होती. माझ्याशेजारच्या खुर्चीत ते डोळे मिटून बसून राहत. एका शनिवारी घरातलं हीटिंग बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने आठवडाभर थांबायला सांगितलं. रात्रीत जवळचं लाकूड संपलं आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात. म्हातारा माणूस पांघरुणात कुडकुडताना उत्कर्षला बघवेना. तो तळघरात गेला आणि एक मोडकं, रंगवलेलं कपाट फोडून त्याच्या फळ्या घेऊन आला.

फळ्या भडकन पेटल्या. त्यांच्यावरचा रंग फुगून तडकू लागला. माझं दार उघडलं की कडवट धूर खोलीत येई. ओवी नाक दाबून म्हणाली, "पापा, एस श्टिंक्ट. घाण वास येतोय."

देवश्रीने फळी उचलून पाहिली. "उत्कर्ष, हे जाळायचं नसतं. फ्राऊ लिंडनरनी सांगितलंय ना आपल्याला?"

"आजच्यापुरतं गं. बाबांना थंडी वाजतेय."

पण दुसऱ्या दिवशीही त्याने त्याच फळ्या घातल्या, आणि तिसऱ्याही. त्या हाताशी होत्या आणि बाबा उबेत होते. यशवंतरावांचा खोकला वाढत गेला. इथली हवा आपल्याला मानवत नाही, असं तेच हसून सांगत. आठवडा सरायच्या आत त्यांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स आली. ते दवाखान्यातून परत आले नाहीत. इतक्या नाजूक छातीला तो धूर सोसला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

फ्राऊ लिंडनर आल्या. माझ्या राखेत त्यांना खिळे आणि रंगाचे पापुद्रे सापडले. शेगडी पुन्हा पेटवू नका, एवढंच सांगून गेल्या.

देवश्री नवऱ्याला समजावत होती. "रविवार होता रे. तू तरी काय करणार होतास?"

उत्कर्ष म्हणाला, "सोमवारी दुकान उघडं होतं."

मित्रांनो, आता मला भंगारात काढायचं ठरलं आहे. त्याचं मला फार वाटत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यात काय घालता ते आधी नीट बघा. आम्ही पोटात पडेल ते जाळतो. तो धूर कुणाच्या छातीत जाईल, हे आमच्या हाती नसतं.