छत्तीस कंबरेची बाई

डोंबिवलीत योगिनीइतका टेपवर हात कुणाचा बसलेला नव्हता. बाई जिना चढून वर येईपर्यंत तिचा ब्लाउज हिच्या मनात बेतून तयार. एका नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत तिने एक बाई पाठमोरी पाहिली, घरी येऊन हौसेखातर ब्लाउज शिवला, आणि सहा महिन्यांनी शिलाई विचारायला आलेल्या त्याच बाईला तो हुकासकट बसला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पुढचं याहून खरं आहे.

अशा बाईच्या नवऱ्याने मापं लिहिलेला कागद पँटच्या खिशात विसरावा, म्हणजे काय म्हणावं!

संशय आधीच होता. तीन रविवार ऋतुराज ठाण्याला ऑफिसचं काम आहे म्हणून जायचा आणि मोज्यांत भुसा घेऊन परतायचा. विमा कंपनीत लाकडाचा भुसा कुठला? कागदाने ते सांगितलं. नेटवरून काढलेला सुतारकामाचा आराखडा होता. फुलीच्या आकाराची चौकट, चारी टोकांना चामड्याचे पट्टे, त्यात हातपाय बांधलेलं एक बिनचेहऱ्याचं माणूस. वर ठळक अक्षरांत, फक्त प्रौढांसाठी. बाजूला ऋतुराजच्या अक्षरात मनगट सात, घोटा साडेनऊ, कंबर छत्तीस. सोबत कल्याणच्या लाकूडवाल्याची पावती. माल पोचवायचा होता दिव्याला, ऋतुराजच्या मित्राच्या खोलीवर. पाणी येत नाही म्हणून ती वर्षभर रिकामीच होती.

चौकट पाहून योगिनी फारशी हलली नाही. असतात एकेकाच्या आवडी. ती हलली मापांनी. तिचं मनगट पावणेसहा, कंबर तीस. हे तिच्यासाठी नव्हतं.

तिने बॅग भरून पलंगाखाली सरकवली. बाई सापडली की माहेरी. मग मापांची वही काढली. छत्तीस कंबरेच्या अकरा निघाल्या, पण सात इंची मनगट एकीचंच दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावरची जया, पोळीभाजी केंद्रवाली. रोज परातभर कणीक तिंबणारी. आणि रविवारी तिचं केंद्र बंद.

जयाला तिने फिटिंगच्या निमित्ताने बोलावून घेतलं.

"अगं, ब्लाउजला घोटा कशाला मोजतेस?"

"नवीन फॅशन आहे. पाय पुढे कर."

घोटा भरला साडेआठ. जया सुटली. योगिनीचा जीव मात्र जास्तच टांगणीला लागला, कारण आता ती बाई कुणीही असू शकत होती.

चौथ्या रविवारी ती थेट दिव्याला पोचली. दार उघडंच होतं. ऋतुराज एकटाच पॉलिश पेपर घासत बसलेला. तिने दारामागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं, पाण्याच्या पिंपातही डोकावली.

"कुठाय ती?"

"कोण ती?"

"छत्तीस कंबरेची."

तो कानापर्यंत लाल झाला. त्याने हात मागे घ्यायच्या आत तिने टेप गुंडाळला. मनगट सात. खाली बसून घोटा पाहिला, साडेनऊ. कंबर नेमकी छत्तीस. अख्खी डोंबिवली मापून काढणाऱ्या बाईने सहा वर्षांत नवऱ्याला एकदाही टेप लावला नव्हता. त्याचे शर्ट तयार यायचे.

"हे तुझ्यासाठी?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि बांधणार कोण?"

"तू," तो फरशीकडे बघत म्हणाला. "विचारायचं कसं ते कळेना. म्हटलं, आधी बनवू, मग दाखवू."

योगिनीने चौकट धरून हलवून पाहिली. सांधे पक्के होते. मग तिने मानेनेच खूण केली. तो आपणहून जाऊन उभा राहिला, हात पसरले. तिने चारही बकलं लावली, प्लास्टिकचं स्टूल ओढून समोर बसली. ऋतुराजच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं.

"हसू नकोस. सोड म्हणालास की लगेच सोडते. पण तोवर खरं बोलायचं. ठाण्याच्या ऑफिससारख्या आणखी किती थापा मारल्यास? लग्नापासून सुरू कर."

ऋतुराज सोड म्हणाला नाही. जेवायची वेळ टळून गेली, तेव्हा दोघं कसेबसे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचले होते.