मिठाची भिंत

"तुझी तार माझ्या घरची वीज वढून घेतीया!" मब्रूका अंगणात उभी राहून धाकट्या जावेवर ओरडत होती.

निवारा जैतुनाची फळं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊबाई, वीज म्हंजे काय झऱ्याचं पाणी हाय का, बांध फोडून वळवायला?"

मी शेजारीण. इजिप्तच्या वाळवंटातल्या सिवा गावी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून भांडण माझ्यापुढे आलं. दोष निवाराचा नव्हता. मब्रूकाच्या नवऱ्यानं खांबापासून घरापर्यंत शेळ्यांच्या कुंपणाची लोखंडी तार ओढली होती. निवाराकडे तांब्याची होती.

"तेवढ्याच जाडीचं लोखंड तांब्याच्या सहाव्या हिश्शानं वीज नेतं," मी म्हणाले. "बरीच वीज वाटेत तार तापवण्यातच जाते. अ‍ॅल्युमिनियमची जाड तार घ्या. स्वस्त आहे, काम होईल."

"तिच्या दारात तांबं, आन् माझ्या दारात पातेल्याचा पत्रा?" मब्रूका फणकारली. "मास्तरीणबाई, तुमीबी तिच्याच!"

खरं दुखणं वेगळं होतं. गुरुवारी संध्याकाळी हजला जाऊन आलेली हाज्जा तमीमा मुलासाठी मुलगी बघायला येणार होती. मब्रूकाची रुकय्या आणि निवाराची मुलगी, दोघी एकाच वयाच्या. आधी थोरलीच्या घरी, मग धाकटीच्या.

"माझ्या मिणमिणत्या दिव्यात लेकीचं नाक तरी दिसंल का तिला?" मब्रूका म्हणाली. "तिकडं लख्ख उजेड. संपलंच की!"

दोन घरांमधली भिंत त्याच आठवड्यात डागडुजीला काढली होती. आमच्याकडे भिंती तळ्याकाठच्या मिठाच्या ढेकळांनी आणि चिखलानं बांधतात.

गुरुवारी मब्रूकाचा दिवा पांढराशुभ्र पेटला. मी चकित झाले, पण विचारलं नाही. हाज्जा हात धुऊन आली, खजूर तोंडात टाकला आणि रुकय्याकडे बघत ओला हात भिंतीला टेकवला. दुसऱ्याच क्षणी ती किंचाळून चटईवर कोसळली.

"जिन हाय! भिंतीत जिन हाय गं!"

दिवा पिवळा पडला. भिंतीपलीकडे निवाराचाही. मी धावत जाऊन दोन्ही घरांचे मुख्य खटके पाडले. हाज्जाला लागलं नव्हतं; पण हात अजून झिणझिणत होता. चपला हातात घेऊन ती गल्लीच्या टोकापर्यंत पळाली.

अंधारात मी भिंतीचा ओला चिखल उकरला. आत जुन्या पंपाच्या केबलीतल्या दोन तांब्याच्या तारा होत्या, रबर गळून पडलेल्या, निवाराच्या तारांना पिळून जोडलेल्या.

"उघड्या तारा? भिंतीत?" माझा आवाज चढला.

"मीठ वीज नेत न्हाई," मब्रूका पुटपुटली. "तुमीच वर्गात मिठाचा खडा लावून दावलं. दिवा पेटला न्हाई. रुकय्या सांगत व्हती."

"तो कोरडा खडा होता, मब्रूका. ओलं मीठ नेतं. हाज्जा मेली असती."

पलीकडून निवारा ओरडत होती, "चोरटी! माझ्या तारंला पाय फुटले व्हय?" आणि तिच्या मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

मब्रूका खाली मान घालून बसली. मला वाटलं, हिला आता पश्चात्ताप झाला असेल. पण तिनं हळूच विचारलं, "हाज्जा मग तिच्याकडं गेली का?"

"नाही. सरळ घरी गेली."

"तिच्याकडंबी न्हाई?"

"नाही."

मब्रूकानं चाचपडत ताट ओढलं आणि त्यातला एक खजूर तोंडात टाकला. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.