डावीकडचा हिरवा बाण

गॅरेजपुढची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला होता, आणि बँकेतला कारकून आजारपणाची रजा टाकून ठणठणीत चेहऱ्याने उभा होता. सगळ्यांना एका जुन्या मोटारीत चालकाच्या जागी बसायचं होतं. मोटार कुठे जाणार नव्हती. ती मागची बाजू भिंतीला लावून उभी होती, आणि तिच्या डॅशबोर्डवरचा डावीकडे वळायचा छोटा हिरवा बाण अण्णांच्या आत्म्याने उजळतो, अशी बोलवा झाली होती.

अण्णांनी जन्मभर याच गाडीवर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. अर्ध्या वस्तीने त्यांच्या शिव्या खाल्लेल्या. ते गेल्यावर धाकट्या मुलीने गाडी नव्यासारखी करून घेतली. डॅशबोर्डवरचे दोन्ही बाण कित्येक वर्षं मेलेले होते. वायरमनने त्यांच्या धुरकट काचा घासल्या, गंजलेल्या तारा बदलल्या, नवे दिवे बसवले. वळणाची दांडी दाबली की बाण टिकटिक करत लुकलुकायला लागले. मग त्यानेच मागची चेपलेली डावी बाजू ठोकून, रंगवून आरशासारखी केली आणि गाडी घरी आली. एका संध्याकाळी धाकटी सहज तिच्यात जाऊन बसली. अण्णांच्या आठवणीने तिला रडू आलं, आणि दांडीला हातही न लावता डावा बाण मंदसा उजळला.

हे घरातल्या घरात राहिलं असतं, पण संकेतगुरूंना त्याचा वास लागला. हे गृहस्थ आधी घड्याळं विकत. आता ते गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसत आणि बाणाचा अर्थ सांगत.

"जिवंत माणसाचा दिवा लुकलुकतो, कारण त्याचा श्वास वरखाली होतो," ते सांगत. "आत्म्याला श्वास कुठला? म्हणून त्याचा दिवा स्थिर. आणि बाण डावा. म्हणजे ठरवलेली वाट सोडा."

बाण कधी उजवा लागतच नव्हता, त्यामुळे सगळ्यांनाच ठरवलेली वाट सोडावी लागत होती. कोणी ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात होतं, कोणी दुकान. शिवाय दिवा सगळ्यांना लागत नसे. ज्यांच्यावर अण्णांची माया होती त्यांनाच तो लागतो, असं गुरूंनी जाहीर केलं होतं.

थोरल्या मुलीला, म्हणजे ताईला, तो लागला नव्हता.

ताई हाडांच्या दवाखान्यात काम करायची. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं म्हणून ती माहेरी आली, तर इथे ही जत्रा. आईला काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर केला तर आहे ती नजरही जाईल, आणि गेलेली परत येणार नाही. पण धाकटी स्टिअरिंगच्या चाकामागे बसली, बाण उजळला, आणि गुरू म्हणाले, दवाखान्याची वाट सोडा, मी थेंब देतो. आई ऑपरेशन रद्द करायला निघाली होती. ताईने हातापाया पडून एक दिवस मागून घेतला.

तिला आईची काळजी होती, हे खरं. पण त्याहून जास्त ती जळत होती, हेही तितकंच खरं. लहानपणी अण्णांनी तिला एकदाच चाकामागे बसवलं होतं. तिने गाडी फाटकावर घातली, तेव्हा ते म्हणाले, तू राहू दे, तुझ्याच्याने व्हायचं नाही. मग धाकटीला मात्र रोज शिकवणी. आणि आता मेल्यावरही त्यांनी धाकटीलाच ओळख द्यावी? धाकटीचं एक वेळ ठीक, पण न्हाव्याला दिवा लागत होता. न्हाव्यावर माया आणि पोटच्या पोरीवर नाही. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्या दिवशी ती गाडीच्या उघड्या दाराशी जाऊन उभी राहिली. कोणाकोणावर माया होती ते तिला एकदा बघूनच घ्यायचं होतं. न्हावी बसला, बाण उजळला. तो हिरवा उजेड तिला बघवेना, म्हणून तिने मान खाली घातली. खाली पाय होते, आणि पाय दिसले की त्यांच्याकडे बघायचं हा तिचा धंदाच होता. न्हाव्याने उजवा पाय ब्रेकवर ठेवला होता. कारकून बसला. तो अण्णांकडे कधी शिकला नव्हता. त्याने पाय मागे ओढून घेतले, आणि बाण अंधारातच राहिला. मग अण्णांची एक जुनी विद्यार्थिनी बसली. तिचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, आणि बाण लागला.

गाडी उभी, पाय ब्रेकवर. अण्णांचा हा पहिला धडा. विसरला की ते गुडघ्यावर पट्टी मारत.  ताईच्या वाट्याला तो धडा आलाच नव्हता.

तिने धाकटीला हाक मारून गाडीत बसायला सांगितलं. बाण उजळला. लोकांनी हात जोडले. ताई म्हणाली, "आता पाय उचल."

"कुठला पाय?" धाकटीला आपला पाय कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. तिने खाली पाहिलं आणि तो उचलला. बाण विझला. तिने परत ठेवला, बाण लागला. तिचा चेहरा उतरला.

मग ताई स्वतः बसली आणि तिने ब्रेक दाबला. हिरवा उजेड तिच्या बोटांवर पडला. क्षणभर तिला वाटलं, असू दे, आता हे कोणाला सांगू नये, रोज येऊन बसावं. मग तिला दारात उभी असलेली आई दिसली, आणि तिने पाय उचलला.

"बघा, थोरलीवरही कृपा झाली," मागून गुरू म्हणाले.

"आता गेली," ताई म्हणाली. "आता परत आली. आता गेली. गुरुजी, डोळे उघडून माझ्या पायाकडे बघता का जरा?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. गुरूंनी पवित्रा बदलला. आत्मा पायातूनही बोलतो, ते म्हणाले. पण वायरमन रांगेतच होता, आणि त्याच्या डोक्यात एव्हाना लख्ख उजेड पडला होता. तो भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अंग चोरून शिरला, डावा मागचा दिवा सोडवला आणि कान धरून बाहेर आला.

चूक त्याचीच होती. या गाडीत दिव्यातून आलेली वीज पत्र्यातून परत जाते. त्यासाठी दिव्याखालचा पत्रा उघडा लागतो. त्याने हौसेने तिथेही रंग मारला आणि दिवा रंगावरच आवळला. विजेची परतीची वाट बंद झाली. ब्रेक दाबला की ती शेजारच्या वळणदिव्याच्या तारेत घुसायची आणि डॅशबोर्डवरचा बाण पेटवून बाहेर पडायची. जोर कमी, म्हणून उजेड मंद. दांडी दाबलेली नाही, म्हणून टिकटिक नाही. रंग फक्त डावीकडे, म्हणून बाणही फक्त डावा. रंग खरवडायला त्याने चाकू काढला.

"थांब," आई म्हणाली. "दिवा होता तसाच परत लाव. मला बसू दे."

आई जन्मात कधी चाकामागे बसली नव्हती. ताईने तिचा पाय धरून ब्रेकवर ठेवला. रंगावर आवळलेल्या दिव्याने इमानाने बाण लावला. आईने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बराच वेळ ती तेच करत राहिली, आणि कोणी तिला ऊठ म्हणालं नाही.

मग वायरमनने रंग खरवडून दिवा उघड्या पत्र्यावर बसवला. आईने ब्रेक दाबला, आणि मागच्या भिंतीवर आता डावीकडेही भडक लाल उजेड पडला. बाण काही लागला नाही. गुरू तोवर मागच्या दाराने उतरून चालू लागले होते. थेंबांची बाटली त्यांनी सीटवरच ठेवली होती.

धाकटी रडत म्हणाली, "ताई, माझ्याकडे अण्णांचं तेवढंच उरलं होतं. तुला बघवलं नाही."

"नाही बघवलं," ताई म्हणाली. "मी जळत होते. पण मी जळत होते म्हणून हे खोटं ठरत नाही. तू दाबून बघ, न्हाव्याला दाबू दे. माझा शब्द धरूच नका."

चमत्कार आणि खरं यांत फरक असतो तो एवढाच. चमत्काराला मर्जीतली माणसं लागतात. जे खरं असतं ते न्हाव्याला, कारकुनाला आणि नावडत्या लेकीला सारखंच दिसतं, फक्त एकदा खाली वाकून बघावं लागतं. वाकायला अक्कल लागते असंही नाही. हात जोडण्याआधी ते मोकळे असताना वाकावं, इतकंच.

आई चाकामागून उतरली. पदराने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता पोचायचं म्हणालीस?"