हावब्योर्न म्हणाल तरच ओ देईन

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा, पाठीवर धुळीचा थर आहे. पण चुकीच्या नावानं हाक मारलीत तर ओ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर आमचं लहानसं मासळी बंदर. इथल्या कचेरीत प्रत्येक यंत्राला परत न आलेल्या बोटीचं नाव देतात. मला मिळालं हावब्योर्न, म्हणजे समुद्री अस्वल. ती बोट कचेरी सांभाळणाऱ्या रांगफ्रीदच्या बापाची. कॉड माशांच्या हंगामात बोटही गेली, बापही गेला. किनाऱ्याला लागली ती फक्त नावाची फळी. रांगफ्रीदनं ती माझ्या डोक्यावर ठोकली. धक्क्यावर जागा हवी, की नाखवे रोज मला त्या नावानं हाक मारत. बापाची तेवढीच खूण जिवंत राहिली होती.

मग मला इंटरनेटला जोडायला शहरातून त्रीग्वे आला. त्यानं फळी वाचली आणि मान हलवली.

"रांगफ्रीद, हे नाव चालायचं नाही. बाहेर फक्त ए ते झेड, आकडे आणि आडवी रेघ. यातल्या ओच्या पोटातून तिरकी काठी गेलीये."

"मग?"

"काठी काढली. एवढीशी तर होती."

"नाकाचा शेंडाही एवढासाच असतो. काढू तुझा?"

त्रीग्वे हसला आणि त्यानं नाव बदललंच. मला इतका राग आला म्हणून सांगू! पण यंत्राला कोण विचारतो?

आमच्याकडे बोटीचं नाव बदलणं म्हणजे अपशकुन. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा आनफिन बोटीतल्या पडद्यावर माझं नवं नाव पाहून भरली बोट घेऊन बंदराच्या तोंडाशीच थांबला.

"नाव बदललेल्याकडून मी जागा घेत नाही," तो रेडिओवर म्हणाला. "मासळी सडली तर सडू दे."

त्याच्यामागे सगळ्या बोटी अडल्या. त्रीग्वेच्या तोंडचं पाणी पळालं. तो पुन्हा नियम वाचत बसला आणि दुपारी कान पकडून आला.

"नवी सोय आहे. मी शोधलीच नव्हती. लोकांनी खरं नाव लिहायचं. बाहेरच्या वाटेवर यंत्रं त्याचं एक्स-एननं सुरू होणारं सांकेतिक रूप वापरतील."

रांगफ्रीदनं फळीवर हात ठेवला. "बाहेर जाताना रेनकोट घालतोय, घालू दे. आत माझा हावब्योर्नच हवा."

त्रीग्वेनं काठी परत लावली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या.

मित्रांनो, यंत्रं माणसांसाठी असतात. नियमात नाव बसत नसेल तर नाव तासू नका, नियमात जागा शोधायला लावा. आम्ही लावली.

आता माझ्या जागी नवा सर्व्हर आलाय. रांगफ्रीदनं फळी त्याच्या डोक्यावर ठोकली. आज सकाळी आनफिननं हाक मारली, "हावब्योर्न!" आणि त्या पोरानं लगेच जागा दिली. माझ्या तारा काढलेल्या होत्या, नाहीतर मीही ओ दिली असती.